पेन्सिलीची नोंद आणि कजाप

पारशिवनी तालुक्यातल्या कन्हानमध्ये जमिनीने बरीच रूपं पालटली. नदीकाठच्या शेतांमधून 1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे गेली, पुढे कोळशाच्या खाणी आल्या, महामार्ग रुंदावला, उरलेल्या वावरांचे ले-आउट पडले. मालगुजारी 1951 मध्ये संपली, तरी लोकांच्या तोंडी तलाठी अजून पटवारीच आहे. त्याच्या दप्तरात मालकाचं नाव आणि क्षेत्र. जमिनीची आकृती मात्र भूमी अभिलेख कार्यालयाच्या नकाशात. एकाच जमिनीच्या या दोन प्रती जुळत्या ठेवायच्या, त्याही दरवेळी सगळं दप्तर नव्याने न उतरवता. माझ्या मते महसूल खात्याची खरी करामत इथे आहे: त्याने फक्त बदल लिहायची शिस्त लावली.

जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 150 याच शिस्तीवर उभं आहे. खरेदी झाली म्हणून तलाठी लगेच सातबारा खोडत नाही. तो गाव नमुना 6 मध्ये फेरफार लिहितो, आणि हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर पेन्सिलीने टिपून ठेवायचा. चावडीवर नोटीस लागते. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्या काळी मगच शाई चढायची. यात वेळ फार जातो, हा आक्षेप खराच आहे. पण मधल्या काळात सातबारा खोटं बोलायचा नाही, ‘इथे काही चाललंय’ एवढं ती फिकट नोंद सांगत राहायची. संगणकाच्या जगात 1996 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचं ‘आरसिंक’ हे दोन ठिकाणच्या फाइली जुळवणारं साधन आलं, तेही अख्खी फाइल न पाठवता बदललेले तुकडेच धाडतं.

अडतं ते चित्रापाशी. दाबून साठवलेल्या चित्रात एक रेघ सरकली तरी फाइलचा मोठा भाग बदलतो, मग तुकडे धाडून फारसं साधत नाही. नकाशाचंही तसंच: पोटहिस्सा पडला की मोजणी आली, नव्या हद्दी आल्या. त्यासाठी कमी-जास्त पत्रक, म्हणजे बोलीतलं ‘कजाप’, निघालं. कुठल्या गटातून किती क्षेत्र वजा झालं आणि कुठे जमा झालं, तेवढंच ते सांगतं. आता सगळं ऑनलाइन आहे, मग कजापची कटकट कशाला, असं कुणी म्हणेल. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो हे खरं, पण सही मजकुरावर होते, बांधावर नाही. कजापचा अंमल राहून गेला, तर त्या सहीच्या सातबाऱ्यात पूर्वीचंच क्षेत्र येतं आणि नकाशात त्याच गटाचे प्लॉट पडलेले असतात.