मुठेल: रातांब्याच्या बियांतलं लोणी

थंडी सुरू झाली की टाचांना भेगा पडतात, ओठ फुटतात आणि आपण दुकानातून क्रीमची ट्यूब आणतो. आपल्या आज्या काय करत? चुलीजवळच्या फळीवर करवंटीत एक पिवळट-पांढरा, दगडासारखा गोळा असायचा. तो दिव्यावर जरा धरायचा, वितळलेलं बोट भेगेवर फिरवायचं आणि झोपायचं. तो गोळा म्हणजे मुठेल. गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात. आज बोलूया त्याच्या इतिहासाबद्दल.

रातांबे फोडले की सालीची सोलं होतात, रसाचं आगळ होतं. उरतात बिया. त्या धुऊन, राख लावून उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडून आतला गर काढायचा, कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तरंगणारं तेल काढून घेतलं की थंड होताना ते घट्ट होतं. मग मुठीत दाबून त्याचे अंड्याएवढे गोळे वळायचे. बीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा. घरच्या पद्धतीने त्याहून कमीच हाती लागते. म्हणजे एका गोळ्यामागे किती बिया आणि किती दुपारी, हिशोब तुम्हीच करा.

आता पुस्तकांकडे बघू. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात भिरंडाच्या फळाचा उल्लेख आहे. पुढे तीनशे वर्षांनी, १८७४ साली, लंडनमध्ये फ्लुकिगर आणि हॅनबरी यांचा ‘फार्माकोग्राफिया’ हा औषधांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात आपलं मुठेल ‘कोकम बटर’ म्हणून आहे. शिवाय ‘मँगोस्टीनचं घट्ट तेल’ असंही त्याचं एक नाव दिलं आहे. मँगोस्टीन हे कोकमाच्याच कुळातलं, पण वेगळं झाड! ज्या बायकांच्या हातून ते तेल निघत होतं, त्यांच्यापैकी कोणाचंच नाव मात्र तिथे नाही.

त्याच सुमारास, १८७२ साली, अमेरिकेत व्हॅसलिनचं पेटंट घेतलं गेलं. ते खनिज तेलापासून बनतं. पुढे तशा डब्या आपल्या गावांत पोचल्या. स्वस्त, तयार, कुटायला नको. दमलेल्या बाईने ती डबी घेतली, तर तिचं काय चुकलं? पण त्याबरोबर मुठेल करणारे हात कमी होत गेले.

मुठेलाचा गुण कशात आहे? खोबरेल पंचवीस अंशांच्या आसपास पातळ होतं. मुठेल मात्र चाळीसच्या आसपास वितळतं, म्हणून आपल्या उन्हाळ्यातही ते घट्ट राहतं. कातडीवर त्याचा पातळ थर बसतो आणि आतला ओलावा उडून जात नाही. ते स्वतः पाणी देत नाही, असलेलं पाणी धरून ठेवतं. म्हणून पाय धुऊन, किंचित ओले असतानाच लावावं. भेग खोल असेल, रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आज हेच कोकम बटर जगभरच्या क्रीममध्ये आणि ओठांच्या मलमात घालतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आणि आपण? सोलं आणि आगळ विकतो. बिया उकिरड्यावर टाकतो, नाहीतर मिळेल त्या भावाने देऊन टाकतो.

तेव्हा या मे महिन्यात गटाने एवढं करून बघा. बिया टाकू नका, वाळवून ठेवा. वाडीतल्या ज्या आजीला मुठेल येतं, तिच्याजवळ बसून एकदा करा आणि तिची रीत तिच्या नावासकट वहीत लिहा. किती बियांतून किती मुठेल निघालं, किती वेळ गेला, तेही लिहा. भाव ठरवताना हाच हिशोब लागेल. क्रीम किंवा मलम करून विकायचं असेल, तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो, तो आधी विचारून घ्या.

लंडनच्या पुस्तकात आपल्या आज्यांची नावं आली नाहीत. निदान आपल्या वहीत तरी येऊ देत.