संकरित मोटारगाडी : दैनंदिन वापरातील इंधनखर्च

संकरित मोटारगाडी : अंतर्ज्वलन-एंजिन आणि विद्युत् चलित्र (विजेवर फिरणारी मोटर) अशी दोन प्रेरक साधने एकत्र बसविलेली मोटारगाडी. व्यवहारात ती हायब्रिड या नावाने ओळखली जाते. इंधनाची बचत हा तिचा मुख्य हेतू असल्याने एक लिटर पेट्रोलमध्ये ती किती किमी. धावते, हा तिच्याविषयीचा मध्यवर्ती प्रश्न होय. बोलभाषेत याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात. या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात : एक प्रयोगशाळेत ठरलेला प्रमाणित आकडा आणि दुसरे रोजच्या रस्त्यावर येणारा अनुभव. दोहोंत बहुधा लक्षणीय तफावत आढळते. ही दोन्ही उत्तरे पुणे शहरात एकमेकांजवळ पाहावयास सापडतात. मोटारगाड्यांची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ (ए. आर. ए. आय.) ही संस्था पुण्याच्या पश्चिमेकडील वेताळ टेकडीवर आहे, तेथून काही किमी. अंतरावर मुठा नदीकाठी वसलेली शनिवार पेठ ही जुन्या पुण्याच्या संथ व दाट वाहतुकीचा नमुना होय. प्रमाणित आकड्याचा इतिहास आणि पेठेतील वापर यांचा एकत्र विचार केल्यास या तफावतीची कारणे स्पष्ट होतात.

रचना व कार्य : साध्या मोटारगाडीत गतिरोधक दाबला की गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होऊन वाया जाते. चौकात गाडी उभी असताना एंजिन फिरतच राहते व इंधन जळत राहते. परंतु अंतर शून्य असते. संकरित गाडीत हे दोन्ही तोटे कमी केलेले असतात. वेग कमी करताना चलित्र जनित्राप्रमाणे चालते आणि गतिज ऊर्जेचा काही भाग विजेच्या रूपाने घटमालेत साठविला जातो. गाडी थांबल्यावर एंजिन बंद पडते व मंद वेगात गाडी केवळ विजेवर चालू शकते. याखेरीज अशा अनेक गाड्यांत ॲटकिन्सन चक्रावर चालणारे एंजिन वापरतात. त्यात वायूचे प्रसरण संपीडनापेक्षा अधिक होऊ दिलेले असते. त्यामुळे कार्यक्षमता वाढते, मात्र कमी वेगातील जोर घटतो; ही उणीव चलित्र भरून काढते. ज्या गाडीत चलित्र केवळ एंजिनास साहाय्य करते, स्वतंत्रपणे गाडी ओढू शकत नाही, तिला सौम्य संकरित गाडी म्हणतात. केवळ विजेवरही चालू शकणारी ती पूर्ण संकरित गाडी होय. दोहोंच्या इंधनबचतीत मोठा फरक असतो.

इतिहास : दोन प्रेरक साधने जोडण्याची कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. फेर्डिनांट पोर्शे यांनी व्हिएन्ना येथील लोनर कंपनीसाठी १९०० च्या सुमारास पेट्रोल एंजिनावर वीज निर्माण करून चाकांतील चलित्रे फिरविणारी गाडी तयार केली. पुढे स्वस्त पेट्रोल व सुधारलेले एंजिन यांमुळे ही कल्पना मागे पडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिला पुन्हा महत्त्व आले. अमेरिकेत व्हिक्टर वौक यांनी ब्यूक स्कायलार्क ही गाडी संकरित पद्धतीची करून १९७४ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीस दिली होती. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली संकरित गाडी म्हणजे टोयोटा कंपनीची प्रियस. ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. होंडा कंपनीची इनसाइट १९९९ मध्ये आली.

भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये व टोयोटा प्रियस २०१० मध्ये उपलब्ध झाली. परंतु महाग किंमतीमुळे त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. २०१५ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ गाडीची डिझेलवर चालणारी सौम्य संकरित आवृत्ती आणली. त्याच वर्षी केंद्र शासनाने विद्युत् व संकरित वाहनांच्या प्रसारासाठी ‘फेम’ योजना सुरू केली. सौम्य संकरित गाड्यांनाही प्रारंभी तिचा लाभ मिळत असे. एप्रिल २०१७ पासून तो बंद करण्यात आला. मध्यम किंमतीच्या पूर्ण संकरित गाड्या सामान्य ग्राहकाच्या आटोक्यात आल्या, त्या २०२२ मध्ये. होंडा सिटीच्या संकरित आवृत्तीचा प्रमाणित आकडा लिटरला २६·५ किमी. आणि टोयोटा हायरायडर व मारुती ग्रँड व्हिटारा यांच्या पूर्ण संकरित आवृत्त्यांचा २७·९७ किमी. असा जाहीर झाला.

मापनपद्धती : ए. आर. ए. आय. ही संस्था १९६६ मध्ये मोटार उद्योग व केंद्र शासन यांच्या सहकार्याने स्थापन झाली. इंधनवापराची चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाके प्रयोगशाळेतील दंडगोलांवर ठेवून ठराविक आराखड्यानुसार गाडी चालविली जाते. निष्कास नळीतून निघणारे वायू गोळा करून त्यांतील कार्बनाचे प्रमाण मोजतात व त्यावरून जळलेल्या इंधनाचा हिशेब करतात. संकरित गाडीच्या बाबतीत चाचणीच्या आरंभी व शेवटी घटमालेत किती वीज होती, हेही पाहावे लागते. अन्यथा साठलेल्या विजेवर कापलेले अंतर फुकटचे भासेल.

ज्या आराखड्यानुसार गाडी चालवितात, त्यास चालनचक्र म्हणतात. भारतीय शहरांतील वाहतुकीवर आधारलेले भारतीय चालनचक्र १०८ सेकंदांचे असून ते सहा वेळा चालवीत. त्यात कमाल वेग ताशी ४२ किमी. व सरासरी वेग सु. २२ किमी. असे. २००० च्या सुमारास मोटारगाड्यांसाठी यूरोपीय चक्रावर बेतलेले सुधारित भारतीय चालनचक्र लागू झाले व एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या भारत टप्पा सहाच्या पर्वातही ते चालू राहिले. त्याचे दोन भाग आहेत. पहिला नागरी भाग १९५ सेकंदांचा असून तो चार वेळा चालवितात. त्यात सरासरी वेग ताशी १९ किमी.हून किंचित कमी असतो. दुसरा भाग ४०० सेकंदांचा असून त्यात वेग ताशी ९० किमी.पर्यंत जातो. दोन्ही भागांचे मिळून अंतर सु. १०·६ किमी. होते. त्यांपैकी जवळजवळ ६·६ किमी., म्हणजे बरेच अधिक अंतर, दुसऱ्या भागात कापले जाते. या चक्रातील वेगवाढ संथ व एकसारखी असते आणि वातानुकूलन बंद असते.

तफावतीची समस्या : प्रमाणित आकडा व प्रत्यक्ष वापर यांतील अंतर हे केवळ भारताचे वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत २००८ पासून इंधनवापराचे लेबल ठरविताना अधिक वेग, वातानुकूलन व थंड हवामान यांचा विचार करण्यात येऊ लागला. त्यामुळे दुसऱ्या पिढीतील प्रियसचा एकत्रित आकडा गॅलनला ५५ मैलांवरून ४६ मैलांवर आला. म्हणजे लिटरला सु. २३·४ किमी.ऐवजी १९·६ किमी. झाला. गाडी तीच होती, मापन बदलले. यूरोपात जुन्या चक्राचा आकडा व प्रत्यक्ष वापर यांतील तफावत २००१ मधील सु. ९ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत सु. ४२ टक्क्यांवर गेल्याचे ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन’ या संस्थेच्या अभ्यासात आढळले. तेथे २०१७ पासून अधिक लांबीचे व अधिक वेगवान नवे चक्र लागू करण्यात आले.

शनिवार पेठेतील वापर : पूर्वी मुर्तुझाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पेठेस पहिल्या बाजीरावाने शनिवारवाडा (१७३२) बांधल्यानंतर विशेष महत्त्व आले. तिचे बोळ व रस्ते पायी, घोड्यावर वा पालखीतून जाणाऱ्यांसाठी होते. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी अंतर्गत रस्त्यांची रुंदी फारशी वाढली नाही. शनिवारवाड्यापासून दक्षिणेस जाणारा शिवाजी रस्ता व उलट दिशेने येणारा बाजीराव रस्ता हे एकदिशा मार्ग असल्याने थोड्या अंतरासाठीही वळसा पडतो. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या बाजारात शाळा सुरू होण्याच्या दिवसांत आणि गणेशोत्सवात या भागात वाहन मुंगीच्या गतीने सरकते. टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार पुण्यात १० किमी. अंतरास सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागत. हा वेग ताशी सु. १८ किमी. होतो. चालनचक्राच्या नागरी भागातील सरासरीशी तो मिळताजुळता आहे. तथापि पेठेतील गाडीच्या वाट्यास चक्राचा दुसरा, वेगवान भाग येतच नाही.

अशा वाहतुकीत साध्या गाडीचे इंधन उभ्या एंजिनात व गतिरोधकांत सर्वाधिक वाया जाते. म्हणून संकरित गाडीचा सापेक्ष लाभही येथेच सर्वाधिक असतो. मात्र तिलाही काही मर्यादा पडतात. पहिली मर्यादा लहान फेऱ्यांची होय. थंड एंजिन व निष्कासातील उत्प्रेरक तापेपर्यंत एंजिन चालू ठेवावे लागते, दोन-तीन किमी.च्या फेरीत हा काळ संपतो न संपतो तोच मुक्काम येतो. ओंकारेश्वराजवळून मंडईपर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीस संकरित रचनेचा पुरता उपयोग होत नाही. दुसरी मर्यादा वातानुकूलनाची. त्याचा खर्च अंतरावर नव्हे, तर वेळेवर अवलंबून असतो. एक किलोवॉट शक्ती सतत लागते असे धरल्यास ताशी ६० किमी. वेगात दर किमी.ला सु. १७ वॉट-तास, तर ताशी १८ किमी. वेगात सु. ५६ वॉट-तास ऊर्जा खर्च होते. चैत्र-वैशाखात घटमाला लवकर रिकामी होऊन उभ्या गाडीचे एंजिन पुनःपुन्हा सुरू होते, त्याचे कारण हेच. तिसरी गोष्ट इंधनाची. इथेनॉलात लिटरमागे पेट्रोलच्या सु. दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधील ऊर्जा लिटरमागे सु. ६ ते ७ टक्क्यांनी कमी भरते. ही घट साध्या व संकरित अशा दोन्ही गाड्यांस लागू आहे.

हीच गाडी मुंबईस निघाली, तर परिस्थिती पालटते. द्रुतगती मार्गावरील सपाटीवर एकसारख्या वेगात एंजिनच गाडी ओढते व चलित्राचा उपयोग थोडा राहतो. बोरघाटाच्या उतारात ऊर्जा परत मिळते. पण १,४०० किग्रॅ. वजनाची गाडी ५०० मी. खाली उतरली, तर तिच्या स्थितिज ऊर्जेत सु. १·९ किलोवॉट-तास घट होते आणि अशा गाड्यांच्या घटमालेची धारकता अनेकदा एक किलोवॉट-तासाहूनही कमी असते. घटमाला भरली की पुढील उताराचा लाभ साठविता येत नाही.

पुण्यातील प्रयत्न : जुन्या गाड्या संकरित करण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न पुण्यातच झाला. के. पी. आय. टी. कमिन्स या पुण्यातील कंपनीने भारत फोर्ज कंपनीच्या सहकार्याने जून २०१० मध्ये ‘रेव्होलो’ हा संच जाहीर केला. वापरातील गाडीस चलित्र व घटमाला जोडून इंधन-कार्यक्षमता ४० टक्क्यांहून अधिक वाढविता येईल, असे तिचे प्रतिपादन होते. असे संच बसविण्याविषयीचे केंद्र शासनाचे नियम २०१६ मध्ये निघाले. तोपर्यंत सहा वर्षे लोटली होती. संच सामान्य गाड्यांत रूढ झाला नाही. संकरित तंत्राचा प्रसार पुढे झाला, तो नव्या गाड्यांच्याच रूपाने.

आर्थिक बाजू : जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा बहुतेक संकरित गाड्यांवर २८ टक्के कर व १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्के भार पडला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर रद्द होऊन चार मी.पर्यंत लांबीच्या व १,२०० घ. सेंमी.पर्यंतच्या पेट्रोल एंजिनाच्या संकरित गाड्यांवर १८ टक्के व इतरांवर ४० टक्के दर आला. पुण्यात पेट्रोलचा भाव २०२१ मध्ये लिटरला १०० रुपयांच्या पुढे गेला होता. त्यामुळे गाडीची जास्तीची किंमत किती वर्षांत भरून निघेल, हा ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा हिशेब ठरला.

हा हिशेब प्रमाणित आकड्यांवरून केल्यास फसगत होते. पण ती अपेक्षेच्या उलट दिशेनेही होऊ शकते. उदाहरणादाखल असे गृहीत धरू की, साध्या गाडीचा प्रमाणित आकडा लिटरला २० किमी. व संकरित गाडीचा २८ किमी. आहे, पेठेतील वापरात ते अनुक्रमे १२ व २० पर्यंत उतरतात. वर्षाला १०,००० किमी. प्रवास धरल्यास प्रमाणित आकड्यांनुसार दोन गाड्यांना ५०० व ३५७ लि. पेट्रोल लागेल; बचत १४३ लि. होईल. प्रत्यक्षात ८३३ व ५०० लि. लागेल, म्हणजे बचत ३३३ लि. होईल. दोन्ही गाड्यांनी प्रमाणपत्रातील आकडा गाठला नाही, तरी बचत दुपटीहून अधिक झाली. लिटरला किती किमी. या मापापेक्षा शंभर किमी.ला किती लिटर हे यूरोपात रूढ असलेले माप अशा तुलनेस अधिक योग्य आहे.

संकरित गाडीचा प्रमाणित आकडा हा सर्व गाड्यांना एकाच कसोटीवर ताडून पाहण्यासाठी असतो. विशिष्ट रस्त्यावरील खर्चाचे ते आश्वासन नव्हे. गर्दीतून रोज दहा-पंधरा किमी.चा सलग प्रवास करणाऱ्यास ही गाडी सर्वाधिक फलदायी ठरते; मुख्यतः महामार्गावर जाणाऱ्यास कमी. पेठेतल्या पेठेत फिरणाऱ्यास इंधनाची खरी बचत पायी चालण्यातच सापडते.