आजाऱ्याची गोधडी

१८६१ ते १८६५ अशी चार वर्षं अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि इकडे खानदेशात कापसाला सोन्याचा भाव आला. तिकडचा कापूस अडकल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला. त्याच दशकात रेल्वेही आली. पुढे १८७४ साली जळगावात खानदेश मिल उभी राहिली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये कापसाची सगळी माहिती आहे, बियाणं, पेरा, भाव, व्यापार. मी कॉमर्सची पदवीधर, आकडे दिसले की तिथे रेंगाळते. पण त्याच कापसाची लुगडी विरल्यावर घरोघरी ज्या गोधड्या झाल्या, त्यांचा हिशेब मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

गंमत अशी, की त्याच युद्धात तिकडच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या मात्र मोजल्या गेल्या. जून १८६१ मध्ये उत्तरेकडच्या राज्यांत सॅनिटरी कमिशन स्थापन झालं. जखमी आणि आजारी सैनिकांसाठी गावोगावच्या बायका या कमिशनकडे गोधड्या, सदरे, पट्ट्या पाठवत. दवाखान्याच्या खाटेवर बसावी म्हणून गोधडी अरुंद आणि लांब शिवायची. आलेल्या मालावर कमिशनचा शिक्का बसे. युद्ध संपेपर्यंत अडीच लाखांच्या आसपास गोधड्या वाटल्या गेल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातल्या आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. बाकीच्या वापरून झिजल्या, काही मेलेल्या सैनिकाबरोबर मातीत गेल्या. गोधडी वापरून संपली, यात मला तरी वाईट वाटत नाही. ती त्यासाठीच असते.

आपल्याकडे आजाऱ्याची गोधडी वेगळी शिवत नसत, वेगळी काढून देत. घरातली सर्वांत मऊ, म्हणजे सर्वांत जुनी. नऊवारीचे चार-पाच थर, कडेने सुरू करून आत आत येणारा धावदोरा, मध्ये रुई नाही. रुई भरलेली गादी धुता येत नाही, पिंजाऱ्याकडे न्यावी लागते. गोधडी मात्र उकळत्या पाण्यात घालून उन्हात टाकली की मोकळी. तापकऱ्याचा घाम ती पिते, अंगाला टोचत नाही. बाळंतिणीला आणि तापाने फणफणलेल्या माणसाला हीच द्यायची, हे शहाणपण कुणा डॉक्टरांनी शिकवलेलं नव्हतं.

जैन घरात याला आणखी एक पदर आहे. तत्त्वार्थसूत्रात आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यात प्रायश्चित्त आणि विनयानंतर लगेच वैयावृत्त्य येतं. आपण बोलताना वैयावच्च म्हणतो. सेवा कुणाची करायची, त्या दहांच्या यादीत ‘ग्लान’, म्हणजे आजारी, हा स्वतंत्र धरला आहे. मूळ संदर्भ साधुसंघाचा आहे हे खरं, पण गृहस्थाला त्यातून काही घ्यायला मनाई नाही. उपवास करणारीचं कौतुक होतं, पारण्याला लोक जमतात; आजाऱ्याजवळ बसणारीचं तप कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून तर ते आभ्यंतर. कापडाचाही विचार त्यातच आला. रेशीम नको, कारण त्यासाठी कोसल्यातले किडे उकळतात. साधू-साध्वी दिवसातून दोनदा वस्त्रांचं पडिलेहण करतात, तशी गोधडी झटकून, उजेडात उलटसुलट बघूनच घडी घालायची. ओलसर घडी कधीच नाही.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. आपल्या भागातूनही कॅन्सरचे पेशंट रात्रीच्या गाडीने तिकडे जातात. उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि खरा प्रश्न असतो राहायचं कुठे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा पेशंटना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. गाडगेबाबा १९५६ साली गेले. ठिगळांचे कपडे घालायचे म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. स्वतः झोपडीही न बांधता त्यांनी परक्या माणसांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या.

आम्ही नशिराबादच्या काही जणी अशा प्रवासाला निघणाऱ्यांसाठी गोधड्या शिवतो. इथे मात्र आजीची रीत थोडी बदलावी लागली. किमो चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्ग पटकन होतो. म्हणून दुसऱ्याच्या घरची जुनी साडी वापरत नाही. नवं सुती कापड घेऊन दोनदा गरम पाण्यात धुतो, खळ निघून ते मऊ होतं. टिकल्या, जर, लोकर काही नाही. कापूर किंवा अत्तराचा वासही नको, किमोत साध्या वासानेही उलटी होते. रुंदी खाटेपुरती, वजन एका हाताने उचलेल एवढं. आणि थर तीनच, म्हणजे मुंबईच्या दमट हवेतही एका दिवसात वाळते.

“दोनशे रुपयांत ब्लँकेट मिळतं, कशाला डोळे फोडता?” असं विचारणारे आहेत. हिशेबाने ते बरोबरच आहेत. आमची मजुरी धरली तर एक गोधडी कितीतरी महाग पडते. पण किमोच्या खुर्चीत थंडी वाजते तेव्हा पेशंट अंगावरच्या टाक्यांवरून बोट फिरवत बसतो, असं परत आलेल्या एकीने सांगितलं. ब्लँकेटवर बोट फिरवायला काही नसतं.

दान गुप्त असावं, म्हणून नाव आम्ही कुठेच शिवत नाही. वही मात्र मी ठेवली आहे: तारीख, लांबी-रुंदी, कापड किती मीटर, शिवायला किती दिवस लागले. घेणाऱ्याच्या नावाचा रकाना तीत नाही.