पीसीओएस : पाळीबरोबर मनाचीही तपासणी हवी

लांबलेली पाळी, हनुवटीवर राठ केस, मुरुमं, वाढतं वजन. पीसीओएसची ही लक्षणं दिसतात, म्हणून त्यांवर उपचार होतात. उदासी, चिडचिड, लग्नकार्याला जाणं टाळणं याला मात्र घरचे ‘मूड’ म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या ६ ते १३ टक्के स्त्रियांना हा त्रास असतो. निदान होताच नैराश्य आणि चिंतेचीही तपासणी करावी, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

सर्वांत जास्त टोचतो तो सल्ला : ‘वजन कमी कर, सगळं नीट होईल.’ अनेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यामुळे वजन सहज उतरत नाही. शिवाय सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो.

नावातल्या ‘सिस्ट’चीही उगाच धास्ती. सोनोग्राफीत दिसतात त्या स्त्रीबीजाच्या अर्धवट वाढलेल्या पिशव्या, गाठी नव्हेत. मूल होणारच नाही, ही भीतीही बहुतेकदा खरी नसते. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी स्त्रीबीज बाहेर पडायला मदत होते.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मोफत बोलता येतं; मराठीतही.