प्रोपोफॉल व रक्तातील चरबी

प्रोपोफॉल हे शिरेतून देण्याचे भुलीचे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते दुधाळ इमल्शनच्या रूपात टोचतात. सुरुवातीला वापरलेल्या क्रेमोफोर या द्रावकाची तीव्र ॲलर्जी होऊ लागल्याने तो सोडून द्यावा लागला. आजच्या नेहमीच्या १% इमल्शनमध्ये १०% सोयाबीन तेल आणि १.२% अंड्यातील लेसिथिन असते.

छोट्या शस्त्रक्रियेत ही चरबी नगण्य ठरते: ६० किलो वजनाच्या रुग्णाला भूल चढवायला सुमारे १२ मिलि. औषध, म्हणजे जेमतेम सव्वा ग्रॅम तेल लागते. खरा प्रश्न अतिदक्षता विभागातला. तिथे औषध सतत चालू ठेवले, तर ताशी २४ मिलि. वेगाने दिवसभरात सुमारे ५८ ग्रॅम तेल रक्तात जाते, मिलिलिटरमागे १.१ किलोकॅलरी धरून आहारातली चरबी तेवढी कमी करावी लागते, आणि नेमके हेच अनेकदा राहून जाते. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते. ते फार चढल्यास स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. त्यामुळे दीर्घ वापरात ट्रायग्लिसराइडची तपासणी वरचेवर करतात. २% इमल्शनमध्ये तेवढ्याच औषधामागे चरबी निम्मी जाते, तर मध्यम साखळीचे मेद मिसळलेल्या प्रकारातील चरबी रक्तातून लवकर निघून जाते.