छाती न उघडता झडप

१९६० साली अमेरिकेत अल्बर्ट स्टार या सर्जनने एका रुग्णाच्या हृदयात पिंजऱ्यातल्या गोळीसारखी दिसणारी झडप बसवली. ती बनवायला मदत केली लोवेल एडवर्ड्स या निवृत्त इंजिनिअरने. (आमची जमात कुठे कुठे पोहोचते!) तेव्हापासून चाळीसेक वर्षं रीत एकच: छाती उघडायची, हृदय थांबवायचं, रक्त मशीनमधून फिरवायचं आणि नवी झडप शिवायची.

आपल्याकडे झडपा बिघडायच्या त्या बहुतेक लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने. रुग्ण तरुण आणि गरीब, झडप मात्र परदेशी आणि महाग. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या टीमने देशी झडप करायला घेतली. तीन डिझाइन फसली. चौथं ६ डिसेंबर १९९० रोजी रुग्णाला बसलं. चौथं व्हर्जन चाललं, हे वाचून मला फार बरं वाटलं. अशी यांत्रिक झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर लागते आणि रक्त वारंवार तपासावं लागतं. रापणीवर जाणाऱ्या माणसाची त्यात दर वेळी दिवसाची मजुरी बुडते.

दुसरा रस्ता डेन्मार्कमधून आला. हेनिंग रूड अँडरसन या डॉक्टरने स्टेंटवरचं एक व्याख्यान ऐकलं आणि खाटकाकडून डुकराची हृदयं, हार्डवेअरच्या दुकानातून तार आणून घडी होणारी झडप बनवली. १ मे १९८९ रोजी ती नळीतून एका डुकराच्या हृदयात बसवली. जर्नलांनी त्याचा निबंध परत पाठवला. छापून यायला १९९२ उजाडलं. पुढे १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी ५७ वर्षांच्या एका रुग्णाला अशी झडप बसवली. झडप चालली. रुग्ण चार महिन्यांनी वेगळ्या कारणाने गेला.

२०१० चा अभ्यास ऑपरेशन झेपणारच नाही अशा रुग्णांवर होता. वर्षभरात नेहमीच्या उपचारांवरचे ५०.७ टक्के दगावले, कॅथेटरवाले ३०.७ टक्के. २०१९ पर्यंत ऑपरेशन सहज झेपेल अशांमध्येही कॅथेटर सर्जरीच्या मागे पडला नाही.

पण ही झडप शिवत नाहीत. जुनी झडप बाजूला दाबून, तिच्यावर साचलेल्या कॅल्शियमच्याच आधाराने ती अडकते. म्हणून ती म्हाताऱ्यांच्या महाधमनीच्या झडपेला शोभते. ऱ्हुमॅटिक तापाने आखडलेल्या तरुण झडपेला बहुधा फुगा किंवा सर्जरीच. शिवाय कडेने गळती, पेसमेकरची गरज आणि लाखांतली किंमत आहेच.

आमच्या आजोंची झडप अशीच कॅल्शियमने कडक झालीय. मालवणात मोठ्या ऑपरेशनचं नाव निघालं की गाडी बांबोळीकडे वळते. बाबांचा भरवसा सर्जरीवर, कारण ती साठ वर्षांची जुनी आहे. आजोंचा प्रश्न एकच: "माजी छाती कित्याक फोडतास?"

अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, ६५ च्या आत सर्जरी, ८० च्या पुढे कॅथेटर, मधल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आजो ७८ चे. पुढच्या मंगळवारी सीटी स्कॅन आहे. त्यात झडपेच्या कड्याचं माप आणि मांडीच्या धमनीची रुंदी कळेल. धमनी अरुंद निघाली, तर आजोंच्या प्रश्नाचं उत्तर बाबांना द्यावं लागेल.