ताटामागचे तेल

कटंगीजवळच्या तिरोडीच्या खाणींतून मँगनीज निघते. स्वस्त स्टेनलेस भांड्यांत महाग निकेलची बरीचशी जागा याच धातूने घेतली आहे. परंतु असा पत्रा दाबताना लवकर कडक होतो, साच्याला चिकटतो, ओरखडतो. तेथे वंगणाची निवड कसाला लागते.

ही विद्या नवी नव्हे. गेल्या शतकाच्या आरंभापूर्वीच अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी हत्यारावर पाण्याची जोरदार धार सोडून पोलाद कापण्याचा वेग 30 ते 40 टक्क्यांनी वाढविला. पुढे 1912-13 च्या सुमारास जर्मनीत व शेफील्डला न गंजणारी पोलादे सिद्ध झाली. त्यांच्यापुढे नुसते पाणी पुरेना. लेथवरील कामाला गंधकयुक्त, तर पत्रा खोल ओढण्याला क्लोरीनयुक्त तेले आली. घर्षणाच्या उष्णतेत ती पातळ रासायनिक थर धरतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत.

पण गुणापाठी दोषही आला. क्लोरीनचा अंश न धुता भांडे भट्टीत घातले, तर न गंजणाऱ्या पोलादालाही गंजाचे खड्डे पडतात. आखूड साखळीचे क्लोरीनयुक्त पॅराफिन तर जीवमात्रात साचून राहते. म्हणून 2017 साली स्टॉकहोम कराराने ते निर्मूलनाच्या यादीत घातले.

तेव्हा वंगण निवडताना ताटाच्या चकाकीबरोबर यंत्रापाशी उभ्या कामगाराचा श्वास आणि गावचे पाणीही तोलले पाहिजे.